वायू माझ्यापर्यंत आलाच नाही

मित्रांनो, मी कोळशाचा एक दाणा, तुमच्या पेन्सिलीच्या टोकाएवढा. नारळाच्या करवंटीपासून मला बनवले. भट्टीत वाफेने तापवताना माझ्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडली. विषारी वायू त्यांत शिरला की तिथेच चिकटतो आणि स्वच्छ हवा तेवढी पुढे जाते. हेच माझे काम.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, उंच टाकीत, माझ्यासारख्या असंख्य दाण्यांबरोबर मला भरले. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू आम्ही अडवत असू. टाकीवर बन्सी काम करायचा. त्याची आई, चतुराबाई, कारखान्याच्या भिंतीमागे शेळ्या चारायची. "आता वास नाय येत बाबा," ती एकदा भिंतीपलीकडून म्हणाली, तेव्हा मी सुखावलो.

एके दुपारी साहेब, केशवराव, टाकीजवळ आले.

"टाकीतून वायू हळू जातो, त्यामुळे माल रखडलाय. दुसऱ्या पाइपचा व्हॉल्व उघड."

"साहेब, तो पाइप भिंतीमागं निघतो."

"तिथं कोण असतं?"

बन्सी घुटमळला. आई आज लेकीकडे शेंद्र्याला गेलेली. त्याने व्हॉल्व फिरवला.

माझ्याकडे येणारा वायू थांबला. मला वाटले, यंत्रेच बंद झाली. पण ती तर धडधडत होती. मग मला कळले आणि मी सुन्न झालो. माझी कितीतरी छिद्रे अजून रिकामी होती. मी इथे जागच्या जागी आणि विष मला वळसा घालून मोकळे निघालेले.

भिंतीमागून शेळ्यांचे ओरडणे ऐकू आले. मग तेही थांबले. रखवालदार सांडू धावत आला.

"बन्सी, तुझी माय पडलीय."

"माय शेंद्र्याला गेलीय," बन्सी म्हणाला. तो जागचा हललाच नाही.

"आली की ती परत. शेळ्या घेऊन भिंतीमागं आली."

बन्सीने व्हॉल्व उलटा फिरवला. वायू पुन्हा आमच्यात शिरला, आम्ही तो गच्च धरला. पण आधी गेलेला वायू आम्हाला परत आणता आला नाही.

चतुराबाई वाचली. शेळ्या मेल्या. हिंडू-फिरू लागल्यावर ती टाकीपाशी आली. आवाज घोगरा झाला होता.

"पाइप कुणी उघडला?"

"म्या."

"मी नाय असं समजून?"

"व्हय."

"मग दुसरं कुणी असतं तर?"

त्याच दिवशी बन्सीने केशवरावांच्या देखत तो पाइप कापून काढला. केशवराव बघत उभे राहिले, अडवायला मात्र पुढे आले नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर कुणी कारखाना चालवाल, कुणी टाकीवर उभे राहाल. आम्हाला नुसते टाकीत भरून ठेवू नका. वायू आमच्यातूनच जाऊ द्या. आम्ही भरलो की बदला. आणि भिंतीपलीकडे कुणी नाही, असे कधीच धरून चालू नका.