पाहुण्याला आधी पाणी

दोंकोरच्या हातात ती लोखंडी घंटा आली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आता चौसष्टचा झाला. आसुआनो गावात दवंडीचं काम मामाकडून भाच्याकडे जातं, तसं ते त्याच्याकडे आलं. मामानं घंटा देताना एवढंच सांगितलं होतं, तोंड तुझं, शब्द नानांचे. गावप्रमुख नाना म्हणाले उद्या कोकोच्या मळ्यात कुणी जायचं नाही, की दोंकोरनं चार चौकांत घंटा वाजवून तेच सांगायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही. घंटेचं न ऐकणाऱ्याला एक मेंढी आणि दारूच्या दोन बाटल्या असा दंड होता, पण तो कुणाला फारसा भरावा लागला नाही. घंटा खोटं बोलत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एकदा बोलली ती. दोन वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला सोनं काढणाऱ्यांचे पोकलेन आले आणि महिन्याभरात पाण्याचा चहा झाला. बायका कुरकुरायला लागल्या. मग जिल्ह्याहून चिठ्ठी आली, नानांनी दोंकोरला बोलावलं आणि सांगितलं, "पाणी तपासलंय, दोष नाही, खुशाल प्या, असं सांग." दोंकोरनं सांगितलं. खणखणीत आवाजात, चारही चौकांत.

त्याची भाची सेरवा तेव्हा पोटुशी होती. ती रोज तासभर चढून डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणायची. मामाच्या तोंडून ऐकलं आणि ती झऱ्यावर जायची थांबली. पोर जन्मलं ते अकरा दिवस जगलं. दवाखान्यातल्या नर्सनं हळूच सांगितलं, पाण्यात पारा आहे, सोनं धुतात तो. सेरवा मामाला एका शब्दानं बोलली नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललीच नाही. एखादी सणसणीत शिवी हासडली असती तर दोंकोरला रात्री झोप तरी लागली असती.

आणि आता ह्या भडव्यांना झराही हवा होता.

झऱ्याच्या खाली सोनं आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणे. पोकलेन वर चढायला लागले तसे सेरवानं आणि गावातल्या बायकांनी वाटेवर ओंडके टाकले, त्यांवर मयताला नेसतात ती लाल फडकी बांधली आणि तिथंच बसल्या. तीन आठवडे झाले. सगळा गाव आता त्या एका झऱ्यावर जगत होता.

गुरुवारी सकाळी नानांचा निरोप आला. दोंकोर गेला, चपला काढून उभा राहिला. अंगणात नानांची नवी पांढरी गाडी होती. गेल्या वर्षी नानांकडे सायकल होती.

"उद्या जिल्हाप्रमुख येतायत, माननीय तवियाह," नाना म्हणाले. "कॅमेरेवाले घेऊन. त्यांचं बोलणं झालं की तू घंटा वाजवायचीस आणि सांगायचंस, नदी स्वच्छ आहे, वाट मोकळी करा, जी बाई उठणार नाही तिला पोलीस नेतील."

"नदी कुणी तपासली, नाना?"

"तुला काय करायचंय? रस्ता अडवणं गुन्हा आहे. कायदा आहे तो."

"आणि पोकलेन कुठल्या कायद्यानं आले?"

नानांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या माणसानं त्यांना प्रश्न विचारला नव्हता. "दोंकोर, तू दवंडीवाला आहेस. तुला मत नसतं. तुझ्या मामाला मत असतं तर त्याच्या हातात घंटा राहिली नसती. जा."

दोंकोर घरी गेलाच नाही. तडक डोंगर चढला. ओंडक्यांपाशी बायका उकडलेल्या कच्च्या केळ्यांवर ताडाच्या तेलाचं कालवण वाढत होत्या. गावात सगळ्यांत म्हातारी पोकुआ मावशी, तिनं त्याला बोलावून वाडगा दिला. सेरवानं मान वर केली नाही. त्यानं सगळ्यांना नानांचा हुकूम सांगितला, जसाच्या तसा.

मग दोन वर्षांनी सेरवा बोलली.

"मामा, उद्या तू घंटा वाजवलीस ना, की ह्या म्हाताऱ्या उठतील. सरकारवर त्यांचा विश्वास नाही, तवियाहवर तर मुळीच नाही. नानांवरही नाही उरला. पण घंटेवर आहे. मावशीला विचार."

पोकुआ मावशी खाली बघत म्हणाली, "घंटा झाली की उठायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलंय, बाबा. मी काय करू?"

"मग मी काय करू?" दोंकोर म्हणाला.

"मला विचारतोस?" सेरवाचा आवाज चिरका झाला. "माझ्या पोराला पुरलं तेव्हा विचारायला आला होतास? तोंड तुझं आहे ना? मग तूच बघ त्याचं काय करायचं ते."

दोंकोरला राग आला. तिचा नाही. स्वतःचा आला, नानांचा आला, त्या पांढऱ्या गाडीचा आला, आणि चाळीस वर्षं आपण घंटेमागे तोंड लपवून फिरलो याचा तर सगळ्यांत जास्त आला. वाडगा खाली ठेवून तो म्हणाला, "उद्या सभेत पाहुण्याला पाणी द्यायला तू चल माझ्याबरोबर. ते काम आपल्याच घराकडं आहे अजून."

सेरवानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुठलं पाणी?"

"पाहुणा म्हणतो ना नदी स्वच्छ आहे."

शुक्रवारी दुपारी वडाएवढ्या जुन्या झाडाखाली सभा भरली. नाना मोठ्या छत्रीखाली बसले. शेजारी त्यांचा ओक्यामे, म्हणजे त्यांच्या वतीनं बोलणारा दापा, मांडीवर काठी आडवी घेऊन. सभेत नाना पाहुण्याशी थेट बोलत नाहीत आणि पाहुणा नानांशी थेट बोलत नाही, मधे दापा असतो. तीन गाड्या येऊन थांबल्या, माननीय तवियाह उतरले. पांढरा झुळझुळीत झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे एक माणूस थंड पाण्याच्या पिशव्यांची पेटी घेऊन. पाचपन्नास लोकांशी हात मिळवला, खुर्चीत बसले, कॅमेरे लागले.

पाहुण्याला आधी खुर्ची, मग पाणी. पाणी प्यायला की ओक्यामे विचारतो, वाटेवरची खबर काय. विचारल्यावरच पाहुणा बोलतो. यात कधी फरक पडत नाही, दुश्मन आला तरी नाही. नानांनी कॅमेऱ्यांचा, मंडपाचा, गाण्याबजावण्याचा सगळा बंदोबस्त केला होता. पाणी कुणाच्या हातचं येणार, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

सेरवा भोपळ्याचं भांडं दोन्ही हातांत धरून पुढं आली. आत तपकिरी पाणी होतं. मागच्यांनी माना उंचावल्या.

पाणी देणाऱ्यानं आधी स्वतः प्यायचं, त्यात विष नाही हे दाखवायला. दोंकोरनं सेरवाच्या हातातून भांडं घेतलं, तोंडाला लावलं आणि चार मोठे घोट घेतले. मातीची, गंजाची चव होती. दोंकोरनं भांडं तवियाहपुढं धरलं. "घ्या, माननीय. आमच्या नदीचं आहे. स्वच्छ."

तवियाह हसले. "अरे वा. अरे, पण माझं पोट जरा... डॉक्टरांनी सांगितलंय, फक्त हेच," आणि त्यांनी हात मागं केला. पेटीवाल्यानं पटकन पिशवी दिली.

"घरून डबा घेऊन आलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत," मागून कुणीतरी बोललं. लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

तवियाहनी पिशवी तशीच हातात धरली आणि दुसऱ्या हातात माईक घेतला. "बंधूभगिनींनो..."

"विचार, दापा," नाना दात खाऊन म्हणाले. "खबर विचार त्यांना."

ओक्यामे दापा जागचा हलला नाही. सत्तरीचा माणूस, नानांच्या बापाचीही जीभ तोच होता. "विचारता येत नाही, नाना. पाणी प्यायल्याशिवाय पाहुणा आला असं धरत नाहीत. जो आलाच नाही त्याला काय विचारू?"

"मी सांगतोय ना तुला."

"तुम्ही सांगताय. तुमच्या आजोबांनी वेगळं सांगितलंय."

तवियाह माईकमध्ये बोलत राहिले, प्रगती, रोजगार, कायदा, काही विघ्नसंतोषी लोक. गावातल्या एकाही माणसानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेवटी त्यांनी माईक आपटला आणि नानांकडे वळले. "तुमच्या त्या घंटावाल्याला सांगा आता. वाट मोकळी करा म्हणावं, नाहीतर पोलीस बोलावतो."

"दोंकोर," नाना म्हणाले. "वाजव."

दोंकोरनं घंटा उचलली. तीन ठोके दिले. सवयीनं म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या.

"दोन वर्षांपूर्वी या घंटेनं तुम्हाला सांगितलं, नदीचं पाणी चांगलं आहे. घंटा खोटं बोलली. शब्द नानांचे होते, चिठ्ठी जिल्ह्याची होती. पण तोंड माझं होतं. आणि पोर सेरवाचं होतं." त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. "कायदा पाळायचा, मोठ्यांचं ऐकायचं, मीही तेच करत आलो. कुंपणच शेत खायला लागलं तर कुंपणाचं ऐकायचं नसतं. आजपासून ही घंटा काही बोलली तर ते दोंकोर बोलत नाही, हे लक्षात ठेवा."

त्यानं घंटा नानांच्या सोन्याच्या पट्ट्यांच्या चपलांपाशी नेऊन ठेवली. नानांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "मेंढी," ते म्हणाले. "मेंढी आणि दोन बाटल्या. आजच्या आज."

"मेंढी घेऊन जा, नाना," दोंकोर म्हणाला. "तीही नदीचंच पाणी पिते. जिवंत आहे तोवर न्या."

रात्री त्याचं पोट पिळवटून निघालं. पहाटे तो तसाच काठी टेकत डोंगर चढला आणि ओंडक्यावर जाऊन बसला. सेरवानं झऱ्याच्या पाण्याचं भांडं त्याच्या हातात दिलं. "हळू पी," ती म्हणाली. बाकी काही नाही.

उजाडलं तशी खाली गावात घंटा वाजली. नानांच्या गाडीचा ड्रायव्हर वाजवत होता, एकसारखी नाही, पण आवाज तोच, दोंकोरच्या मामाच्या हातातला. वारा वर येत होता म्हणून शब्दही स्पष्ट ऐकू आले. नदी स्वच्छ आहे. वाट मोकळी करा. मागून पोलिसांच्या गाडीचं इंजिन घरघरत चढण चढू लागलं.

पोकुआ मावशीनं ओंडक्याला हात टेकला आणि ती उठायला लागली. पंच्याऐंशी वर्षांची सवय होती ती. अर्धवट उठून तिनं दोंकोरकडे पाहिलं.

"ऐकायचं का रे, बाबा?"

आजवर दोंकोरच्या तोंडानं गावाला हजार हुकूम सांगितले होते, त्यातला एकही त्याचा नव्हता.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "बस खाली."

ती खाली बसली.