नऊ वॉटचा दिवा

हरिश्चंद्र गेले ते त्यांच्या वाचायच्या खुर्चीतच, भर दुपारी, हातात पेपर असताना. माणूस गेल्या जागी तेराव्यापर्यंत पणती तेवत ठेवतात, तशी मनोरमाबाईंनी खुर्चीशेजारी ठेवली होती. तेराव्याला पाहुणे जेवून पांगले, कुणीतरी पणती उचलली, आणि तो कोपरा एकदम ओका दिसायला लागला. मनोरमाबाई थोडा वेळ तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्चीवर झुकलेल्या उभ्या दिव्याचं बटण दाबलं. त्याला आता चार महिने होत आले होते, आणि दिवा दिवसरात्र चालू होता.

दिवा हरिश्चंद्रांच्या नोकरीच्या काळातला. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. मीरा रोडला घर घेतलं तेव्हा सामानाच्या टेम्पोत हा दिवा ते स्वतः मांडीवर धरून बसले होते. त्याला बल्बही जुन्या पद्धतीचा, तारेचाच लागायचा. असे बल्ब आता बंद होणार असं कुठेतरी ऐकल्यावर त्यांनी केबिन रोडच्या दुकानातून एकदम अठरा आणून माळ्यावर ठेवले. "अण्णा, आता नवे बल्ब मिळतात, कमी वीज खातात, तापत नाहीत," असं त्यांची मुलगी संपदा म्हणाली की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "हे संपू देत आधी." मे महिन्यात टकलावर ओला रुमाल टाकून ते त्या दिव्याखाली वाचत बसायचे.

त्या आठवड्यात शेजारच्या ममताने संपदाला ठाण्याला फोन केला.

"दीदी, आंटी के घर से जलने की बास आ रही है. मैंने दो बार पूछा, बोलती हैं कुछ नहीं."

शनिवारी संपदा मीरा रोडला, सिल्व्हर पार्कातल्या घरी पोचली. दिव्याची प्लॅस्टिकची टोपी आतून तपकिरी झाली होती आणि एका बाजूला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

"ममताला वासाचं वेड आहे," मनोरमाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या घरात डाळ करपते ती कळत नाही तिला."

"आई, दिवसा तरी बंद करू या."

"राहू दे."

"बरं, रात्री?"

"रात्री कुणी दिवा बंद करतं का?"

संपदाने माळ्याखालचं स्टूल पाहिलं. "वर कोण चढलं होतं?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात? तीन बल्ब गेले आत्तापर्यंत, हा चौथा." मग भाजी ढवळता ढवळता त्यांनी सहज सांगितलं, "रात्री दोनदा उठून बघते ना, चालू आहे की गेला."

एकाहत्तर वर्षांची बाई स्टुलावर चढते, रात्री दोनदा उठते, आणि एखाद्या रात्री ती टोपी खरोखरच पेटली तर? संपदाने वाद घातला नाही. वादाने आई ऐकत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. जेवण झाल्यावर आई आडवी झाली तशी ती रिक्षा करून केबिन रोडला गेली. अण्णांचं ठरलेलं दुकान तिला माहीत होतं.

"सफेद ले जाओ, घर चमकेगा," दुकानदार म्हणाला.

"नहीं, पीला. पुराने बल्ब जैसा पीला."

त्याने खोक्यातून एक काढून फळीवरच्या होल्डरला लावला. "नौ वॉट. साठवाले जितना उजाला. हाथ लगाके देखो."

संपदाने जपून बोट टेकवलं. जेमतेम कोमट.

"चलेगा कितना?"

"दिन-रात जलाओ तो भी दो-तीन साल. सिर्फ शाम को जलाओ तो मैडम, बच्चों की शादी में भी यही जलेगा."

परतताना बल्बचं खोकं तिच्या पर्समध्ये होतं, मुठीएवढं. दहा वर्षं ती अण्णांना सांगत होती. ठाण्याहून येताना बाकरवडी आणली, पुस्तकं आणली, गुडघ्याचं तेल आणलं. हा एक बल्ब आणून स्वतःच्या हाताने लावावा असं कधी सुचलं नाही. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा तिने खोकं उगीचच उघडून पाहिलं आणि बंद केलं.

पाच वाजता मनोरमाबाई पिशवी घेऊन भाजीला खाली उतरल्या. संपदा दिव्यापाशी आली आणि बटणावर हात ठेवून थबकली. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ती देवघरात गेली, निरांजन लावून आणलं, खुर्चीशेजारी ठेवलं आणि मगच बटण बंद केलं. जुना बल्ब फडक्यात धरूनही बोटांना चटका बसलाच. नवा लावला. उजेड तसाच पिवळा, तेवढाच. निरांजन तिने जागच्या जागी नेऊन ठेवलं. जुना बल्ब गार झाल्यावर कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

मनोरमाबाई आल्या. पाय धुतले, देवापुढे दिवा लावला, सवयीने खुर्चीकडच्या दिव्यालाही हात जोडले. त्यांच्या काहीच लक्षात आलं नाही. संपदा मनातल्या मनात सुटली. मेथीची जुडी घेऊन ती निवडायला बसणार, तेवढ्यात स्वयंपाकघराकडे जाता जाता मनोरमाबाईंनी खुर्चीच्या पाठीवर तळवा टेकवला आणि त्या थांबल्या. मग वाकून बसायच्या जागेवर हात ठेवला.

"संपदा."

"काय गं?"

"खिडकी उघडली होतीस?"

"नाही."

"मग ही गार कशी?"

संपदाला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं. तिने मेथी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, ममताचा फोन, केबिन रोड, निरांजन, सगळं.

मनोरमाबाई दिवाणावर टेकल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या बल्बने खुर्ची गरम राहायची," त्या म्हणाल्या. "येता-जाता हात लावला की वाटायचं, आत्ताच उठलेत. गॅलरीत असतील, नाहीतर बाथरूमला."

"बाथरूमला तर तासभर लावायचे."

"पेपर घेऊन जायचे ना." त्यांच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं.

संपदाने पर्समधून कागदाची पुडी काढली. "आई, लावते परत. खरंच लावते. फक्त टोपी नवी आणू."

मनोरमाबाईंनी पुडीकडे पाहिलं, मग टोपीच्या भोकाकडे. उठून जवळ गेल्या, भोकाच्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली ती त्यांनी पदराला पुसली.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

"पुढच्या वेळी विचार. नाही म्हणायला तरी मिळू दे मला."

पुडीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. ती टेबलावर तशीच राहिली. जेवताना दोघी ममताच्या करपलेल्या डाळीविषयी आणि संपदाचा भाऊ कौस्तुभ याच्या पुण्याच्या नव्या घराविषयी बोलल्या. त्याला आईला तिकडे न्यायचं होतं आणि तिला जायचं नव्हतं, हे जुनंच. मग अंथरुणं पडली.

रविवारी सकाळी संपदा उठून बाहेर आली तर आई खुर्चीत. चार महिन्यांत त्या खुर्चीत कुणीच बसलं नव्हतं. पाहुण्यांनासुद्धा मनोरमाबाई पुढे होऊन दिवाण दाखवायच्या. आता चष्मा लावून त्या दिव्याखाली पेपर वाचत होत्या.

"झोप लागली?" संपदाने विचारलं.

"एकदा जाग आली. उठले नाही. म्हटलं, दोन-तीन वर्षं चालणार आहे तर आज काय जातोय." त्यांनी पान उलटलं. "डोक्याला अजिबात तापत नाही गं हे. ह्यांना बरं पडलं असतं."

"हो."

"तू सांगायचीस त्यांना."

"नुसतं सांगायचे. आणून दिला नाही कधी." हे बोलताना आवाज नीट राहावा म्हणून ती चादरीची घडी घालत राहिली.

मनोरमाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"आणला असतास तरी गेला असता माळ्यावर," त्या म्हणाल्या. "अठरा संपल्याशिवाय त्यांनी हात लावला नसता. मी ओळखत नाही होय त्यांना?"

चादरीची घडी वाकडी झाली होती, ती संपदाने मोडून पुन्हा घातली.

गॅलरीतून ऊन आत येत होतं. आधी फरशीवर, मग मनोरमाबाईंच्या पायांवर, मग पेपरच्या खालच्या कोपऱ्यावर. त्यांनी पेपर थोडा उन्हाकडे वळवला. मान वर करून दिव्याकडे पाहिलं. मग न उठता हात लांब केला, बटण बंद केलं, आणि राहिलेली बातमी वाचायला घेतली.

"उभी काय राहिलीस," त्या पेपरमधूनच म्हणाल्या. "गॅसवर दूध आहे, बघ जरा."