पाठ टेकली म्हणून

मित्रांनो, माझ्यावर तुम्ही पाय पुसले असतील, माझ्याशी बोलला मात्र नसाल. मी एक जुनी गादी आहे. भिवंडीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उरलेल्या चिंध्या पोटात ठासून, वरून ताडपत्री शिवून मला घडवलं. शेलार गावातल्या एका बंद लूम-शेडमध्ये मिलिंद सर ठोसे आणि कुस्ती एकत्र असलेलं मिश्र मार्शल आर्ट शिकवतात. सात वर्षं मी तिथे पडून आहे. शाबासकी मिळते ती ठोसे खाणाऱ्या पिशवीला. मला फक्त घाम मिळतो.

पण जमिनीवरची झुंज माझ्याइतक्या जवळून कोणी पाहत नाही. निकाल देणारे लडकूशेठ तर मुळीच नाहीत.

यंदा राज्य स्पर्धेसाठी मुलींची एकच जागा होती. दिघाशी गावची सुकन्या आणि कोन गावची विनिता यांच्यात निवडीची लढत ठरली. पंच लडकूशेठ. तरुणपणी त्यांनी जत्रेत कुस्त्या मारल्या, हल्ली खुर्ची अडवतात.

विनिताने सुकन्याला पाडलं आणि तिच्यावर नुसती पडून राहिली. तिन्ही फेऱ्यांत तेच. मी मोजलं: सहा मिनिटं ती वर होती, त्यात लागलेले ठोसे दोन. खालून सुकन्याने चार वेळा तिचा उजवा हात पायांत धरून कोपरातून ताणला. चारही वेळा विनिताचा डावा हात हार मानण्याची थाप द्यायला माझ्याकडे निघाला होता. दर वेळी ती कशीबशी सुटली.

"विनिता जिंकली," शेठ म्हणाले.

"सर, मी काय खाली झोपले होते?" सुकन्या ताडकन उठून म्हणाली.

मिलिंद सर पुढे आले. "शेठ, इथे पाठ टेकली म्हणजे हरली असं नसतं. कोणी कोणाला अडचणीत आणलं, त्याचे गुण."

"मास्तर, आमच्या जत्रंत पाठ लागली का कुस्ती निकाली. हितली जमीन काय येगळी हाय?"

जमीन म्हणजे मी. आणि हो, मी वेगळीच आहे. जत्रेच्या मातीवर पाठ लागली की झुंज संपते, माझ्यावर ती तिथून सुरू होते. एवढं माझ्या चिंध्यांना कळतं. शेठच्या डोक्यात याहून हलका माल भरला असावा.

त्यांनी विजेतीचा हात वर करायला धरला. नेमका उजवा.

"आई गं! काका, तो नको, डावा घ्या!" विनिता कळवळली.

शेठनी डावा वर केला आणि राज्य स्पर्धेची जागा तिच्या नावावर लिहिली. सुकन्या माझ्यावर पालथी पडून राहिली. त्या दिवशी मला नुसता घाम मिळाला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही पंच व्हाल. माझ्यावर येताना पाय धुऊन या, ही एक विनंती. दुसरी अशी, की कोणाची पाठ टेकली ते मोजू नका, तेवढं भिंतीवरची पालही बघते. निकाल देण्याआधी दोघींना दोन्ही हात वर करायला सांगा.