हाताला हात

आईला देवळात न्यायचं सारंगने शिताफीने टाळलं होतं. देऊळ म्हटलं की अभिषेक आला, अभिषेक म्हटला की जोडीने पाटावर बसणं आलं, आणि त्याची बायको चित्रलेखा तर फेब्रुवारीपासून मॉसन लेक्स उपनगरात मैत्रिणीकडे राहत होती. त्याच्या आई, सुचित्राबाई, सिडनीला लेकीकडे आल्या होत्या; ॲडलेडला सारंगच्या वाट्याला फक्त शनिवार-रविवार. तेवढ्यापुरती चित्रलेखा घरी यायला तयार झाली, पण तिने बजावलं होतं, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

म्हणून त्याने जुनी चर्च दाखवणारी वॉकिंग टूर निवडली. हिशेब पक्का होता. दोन तास गाइडच बोलणार, घरच्यांना बोलायला फट नाही, आणि देव परका.

दोन चर्च निर्विघ्न पार पडली. सुचित्राबाई प्रत्येक दारात सँडल काढायच्या, म्हातारी गाइड "नो वरीज लव्ह, कीप देम ऑन" म्हणायची, आणि त्या हसून अनवाणीच आत जायच्या. रंगीत काचांतल्या झाडून सगळ्या संतांना त्यांनी नमस्कार केला. सारंग फोटो काढत राहिला. प्रत्येक फोटोसाठी चित्रलेखा आईच्या पलीकडे जाऊन उभी राहत होती, आणि हे आईला कळलं तर, ही धास्ती त्याला तिसऱ्या चर्चपर्यंत पुरली.

तिथे कोपऱ्यात मेणबत्त्या तेवत होत्या.

"आपण लावली तर चालेल ना रे?"

"आई, ते त्यांचं असतं."

"दिव्याला कसलं आलंय त्यांचं-आपलं? घे, लाव तू. चित्रलेखा, याच्या हाताला हात लाव गं. दोघांच्या नावाने लागू दे."

सारंगने मेणबत्ती पेटवली. चित्रलेखाची बोटं त्याच्या कोपरापाशी आली, थांबली आणि मागे गेली.

"नाही लावता येणार, आई."

सुचित्राबाई जवळ सरकल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाळी आहे का?"

"हो, तेच," सारंगने घाईघाईने सांगून टाकलं.

"नाही," चित्रलेखा म्हणाली. "आम्ही वेगळे राहतो. फेब्रुवारीपासून."

मेण सारंगच्या बोटावर ओघळलं. मेणबत्ती ठेवायची कुठे, हेही त्याला सुचेना.

"पाडव्याला फोनवर शेजारी शेजारी उभे होतात की."

"तेवढ्यापुरती आले होते."

सुचित्राबाईंनी लेकाकडे पाहिलं. "घर मोडलंत, ते तुमचं तुम्ही बघा. पण तिच्या पाळीचंसुद्धा खोटं तूच सांगणार?"

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"मला की तुला?" त्या दाराकडे वळल्या, बाकावर बसून सँडलचे पट्टे लावले. "चित्रलेखा, तू राहतेस तिकडे ट्रेन जाते का?"

"जाते. पण तुमची बॅग?"

"तो आणेल."

दोघी बाहेर पडल्या. गाइडने मान वाकडी करून विचारलं, "युअर मम ऑलराइट, लव्ह?"

"शी इज जस्ट टायर्ड," सारंग म्हणाला, आणि गटामागून चौथ्या चर्चकडे चालू लागला.