पहिला स्क्रू ताईचा

"बाबा, अगदी खरं सांगा, तुमची लाडकी कोण? मी की ताई?"

हा प्रश्न घरी विचारून दाखव, मग मानू तुला, असं मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत भिंगरीला डिवचलं होतं. आणि भिंगरीला डिवचलं म्हणजे झालंच! दप्तरसुद्धा न उतरवता ती थेट दुकानात घुसली आणि तोफ डागून मोकळी झाली. बाबा एका लॅपटॉपच्या पोटात डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर न करता नुसता हात पुढे केला.

"आधी तो ब्रश दे."

गल्ल्यावरची आई खुदकन हसली. भिंगरीने ब्रश दिला, म्हणजे जवळजवळ फेकलाच.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाचा एक कायदा होता: पहिला स्क्रू ज्याने काढला, मशीन त्याचं. ते चालू होईपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शाबासकी त्याची, बोलणीही त्यालाच. ताईला पहिला स्क्रू भिंगरीच्याच वयात मिळाला होता, हे आई उठता-बसता ऐकवायची. भिंगरीच्या वाट्याला अजून फक्त ब्रश होता.

तेवढ्यात फोटोग्राफरबाई आपला कॉम्प्युटर कवटाळून धापा टाकत आत आल्या. कालच ताईने दुकान बंद करायच्या घाईत तो साफ करून, मेमरी वाढवून आणि आतला बटणाएवढा सेल बदलून दिला होता.

"अगं, काल इथे आणला तेव्हा निदान रडतखडत चालत होता! आता कंपनीचं चिन्ह दिसतं, निळा पडदा येतो आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. माझे प्रदर्शनाचे फोटो आज छपाईला जायचेत गं!"

ताईचे कान लाल झाले. भिंगरीला ते इतकं आवडलं, की ती स्टूल ओढून अगदी पुढच्या रांगेत बसली.

ताईने नवी मेमरी काढून पाहिली, जुनी लावली. वायरी काढल्या, खोचल्या. निळा पडदा. मग सेटिंगच्या पानात शिरली, कुठली डिस्क आधी सुरू व्हावी तो क्रम नीट लावला. पुन्हा निळा पडदा.

"मदत हवीय का कुणाला?" भिंगरीने गोड आवाजात विचारलं.

"तू अभ्यास कर."

ताईने तेच पान पुन्हा उघडलं आणि भिंगरीची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. एक जानेवारी, आणि साल असं, की तेव्हा ती बालवाडीतसुद्धा नव्हती. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तारीख आणि सेटिंग त्या सेलच्या जोरावरच लक्षात राहतात; सेल बदलताना मशीन सगळं विसरलं होतं! ताईने डिस्कचा क्रम लावला खरा, पण डिस्क कुठल्या पद्धतीने वाचायची ते दुसऱ्या पानावर ठरतं. तिथे ताई फिरकलीच नव्हती.

भिंगरी स्टुलावर सरसावून बसली. सांगावं? म्हणजे मशीन चालणार आणि पाठ थोपटली जाणार ताईची. गप्प बसावं? म्हणजे ताईचा तोरा उतरणार, तोही गिऱ्हाइकासमोर, बाबांसमोर! तिने दोन्ही ओठ दाताखाली दाबले.

"फोटो वाचतील," ताई शेवटी म्हणाली, "पण विंडोज पुसून नव्याने टाकावं लागेल. तुमची सगळी सॉफ्टवेअरं परत बसवायची."

"आणि छपाईसाठी जुळवलेले रंग?"

ताईने नकारार्थी मान हलवली. बाईंचा चेहरा एवढासा झाला. ताईचं बोट पुसायच्या बटणाकडे निघालं, आणि भिंगरीच्या अंगाला खाज सुटल्यासारखं झालं. ताईला हरताना बघायला ती तासभर बसली असती. पण समोर ढळढळीत चूक दिसतेय आणि तोंड शिवून बसायचं? हे तिच्याने होणारं काम नव्हतं.

"अगं ए आंधळे, तारीख बघ ना! सेल बदललास तू! डिस्क वाचायची पद्धत दुसऱ्या पानावर बदललीय, ती जुनी कर!"

ताईने तारीख पाहिली, कपाळावर हात मारला, त्या पानावर गेली, बदल केला. चिन्ह आलं. निळा पडदा नाही. आणि बाईंच्या फोटोंनी पडदा गच्च भरला.

"वा गं पोरी!" बाईंनी मिठी मारली. ताईला.

"मी नाही, भिंगरीने पकडलं," ताई खालच्या आवाजात म्हणाली.

बाबांनी एकदाचं डोकं वर काढलं. चेहऱ्यावर कौतुक नुसतं ओसंडत होतं. ते ताईला म्हणाले, "पकडणारच! तुझं बघून बघूनच शिकतेय ती."

तुझं बघून! भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे ताईला दिसलंच नाही, तेसुद्धा ताईचं बघूनच? या खोलीत तिने उद्या चंद्रावरचं मशीन चालू केलं, तरी ते ताईकडूनच शिकलेलं ठरणार!

ती स्टुलावर उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय. परीक्षा संपली की सुट्टीभर मी दुसऱ्या दुकानात काम शिकायला जाणार."

"कुठल्या गं?" आईने डोळे मोठे केले.

"ते शोधेन मी. एकच अट आहे. तिथे ताईला कुणी ओळखत नसलं पाहिजे."