यार्डापुढचा रस्ता

बन्सीलाल सरांनी एका संध्याकाळी मोबाइलवर एक अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना एकोणतीस फोन आले. अर्जात विचारलं होतं ते एवढंच, की गाडी कोणती, न्यायची कुठून आणि पोचवायची कुठे. सरांनी लिहिलं, वॅगनआर, सुरत-दिंडोली, कोइमतूर. एवढ्यावर देशातल्या गाड्या वाहून नेणाऱ्या तमाम कंपन्या आपल्यावर तुटून पडतील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या कुणी फोन कापले असते. सरांना ते जमेना. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि समोरचा बोलत असताना त्याला मध्येच तोडायचं नाही हे ते मुलांना शिकवत आले होते. ते प्रत्येकाला आपलं पूर्ण नाव सांगत. मग गाडी दोन हजार अकराची आहे, एकाच हाताची आहे, मागच्या डाव्या दाराला पोचा आहे पण तो जुना आहे, हे कुणी न विचारता सांगत. पलीकडचा माणूस कंटाळून म्हणे, "अंकल, भेजना कब है, वो बोलिए."

प्रमिलाबाई भाजी निवडता निवडता हे ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"उज्जूना पप्पा, तुम्ही गाडी धाडी राह्यनात, का पोर दखाडी राह्यनात?"

सर कानकोंडे झाले. गाडी पाठवतोय की मुलगी दाखवतोय, हा प्रश्न तसा चुकीचा नव्हता.

गाडी जाणार होती ती उज्ज्वलाकडे, त्यांच्या एकुलत्या एक लेकीकडे. कोइमतूरला सूतगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ती इंजिनिअर होती. दोन वर्षांपूर्वी सरांनी सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तेव्हा ती धावत आली होती. डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, दोन्ही डोळे स्वच्छ झाले, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण त्याआधीच उज्ज्वलाने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. "पप्पा, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही." सरांनी मान डोलावली होती. तेव्हापासून ते दर रविवारी गाडीत जाऊन बसत, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत आणि बंद करून वर येत. बॅटरी उतरू नये म्हणून तसं करावं, असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं. ती पुस्तिका सरांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. असं गिऱ्हाईक कंपनीला दुसरं मिळालं असेल की नाही, शंकाच आहे.

मग उधन्याचा एक भंगारवाला सोसायटीत येऊन गाडीभोवती दोन चकरा मारून गेला. फोनवर ही गोष्ट सांगताना सरांचा आवाज असा काही झाला, की उज्ज्वला म्हणाली, "विकू नका. मला पाठवा. मी त्याच गाडीवर शिकलेय."

ती गाडी घेतली तेव्हा सर चौपन्न वर्षांचे होते. गाडी चालवायला त्यांनी आधी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि घरातल्या फळ्यावर गिअरची आकृती काढून आठ दिवस पाठ केली. हात बसल्यावरही गाडी शाळेत न्यायची त्यांना लाज वाटायची. ज्यांचे आईबाप लूमवर बारा तास उभे राहतात, त्या मुलांपुढे आपण मोटारीतून कसं उतरायचं? म्हणून दोन गल्ल्या आधीच ती लावून ते पायी जायचे. मुलांना अर्थातच सगळं ठाऊक होतं. एकदोघं रोज तिची काच पुसून ठेवायची.

पण गाडीचा खरा रस्ता शाळेचा नव्हता. तो होता कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि साक्री. साक्रीच्या पुढे त्यांचं गाव. दर दिवाळीला आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते त्या रस्त्याने जात. त्याआधीची सगळी वर्षं एसटीत मांडीवर ट्रंक घेऊन गेली होती. गाडी आल्यावर पहिल्यांदाच त्यांना कळलं, की या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस आहे, बारडोलीला साखर कारखान्याचा गोड, आंबूस वास काचा बंद असल्या तरी आत येतो आणि सोनगडनंतर डोंगर दिसायला लागतात.

आणखी एक गोष्ट होती. ती सरांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. ते गाडी चालवताना रस्त्यावरची नजर काढत नसत, एकही हात स्टिअरिंगवरून उचलत नसत. म्हणून प्रमिलाबाई डाव्या सीटवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत आणि दाणे त्यांच्या तोंडात भरवत. भर दिवसा, हमरस्त्यावर. घरी कुणी आलं असलं तर जे दोघं एकमेकांशी चार शब्द धड बोलत नसत, त्यांचं हे असं चाले. मागच्या सीटवर उज्ज्वला झोपल्याचं सोंग घेऊन पडलेली असे.

पुढे गावी आईवडील राहिले नाहीत. भावाने घर विकलं. त्या रस्त्याने जायचं काही कारणच उरलं नाही.

एकोणतीस कंपन्यांसाठी सरांनी शंभर पानी वही काढली. समास आखला, रकाने पाडले. ट्रेलर बंद की उघडा, वाटेत गाडी दुसऱ्या ट्रेलरवर चढवतात का, विमा कोणाचा, किती दिवस, बोलतात कसे. आठवडाभरात त्यातून तीन उरल्या. पहिली सगळ्यांत नावाजलेली, बंद ट्रेलरची. दारातून गाडी नेणार आणि दारात पोचवणार. दुसरीही दारातून नेणारी, पण दर फोनला नवा माणूस आणि नवं बोलणं. तिसरी होती 'कावेरी कार कॅरिअर'. तिचा व्यवस्थापक पांडुरंग नांदेडकडचा निघाला.

"सर, आपला ट्रेलर सुरतेत भरला की थेट कोइमतूरलाच उघडतोय. मधी कुठं उतरवाउतरवी न्हाई," तो म्हणाला. "पर एक अडचण हाय बघा. तो लई लांबडा. तुमच्या दिंडोलीच्या गल्लीत वळत न्हाई. गाडी तुम्हालाच यार्डात आणावी लागंल."

"यार्ड कुठे आहे?"

"कडोदऱ्याच्या पुढं, बारडोली रोडला. तुमच्यापासनं बावीस किलोमीटर."

सरांनी वहीत लिहिलं, यार्ड, बारडोली रस्ता. मग ते बराच वेळ पेन हातात धरून बसले. गुण आणि दोष असे दोन रकाने होते. ही गोष्ट कोणीही दोषात लिहिली असती. सरांनी ती दोन्हींच्या मधल्या रेघेवर लिहिली.

पुढचे चार दिवस त्यांनी स्वतःशी फार प्रामाणिकपणे वाद घातला. एकच ट्रेलर, हे चांगलं. पांडुरंग मराठी बोलतो, हेही चांगलं. पण आपण ही कारणं शोधतोय की बनवतोय? मुलांनी असं उत्तर आधी ठरवून मग गणित सोडवलं, तर आपण शून्य देत होतो. शिवाय आपल्याला चालवायला जमेल का? दोन वर्षांत गाडी पार्किंगच्या बाहेर गेली नाही. आणि वचनाचं काय? पाचव्या दिवशी त्यांनी पांडुरंगाला फोन करून तारीख घेतली.

उज्ज्वलाला त्यांनी सांगितलं, "कंपनी ठरली. मंगळवारी गाडी जाईल." यात खोटं काही नव्हतं. तिने एवढंच बजावलं, की आदल्या दिवशी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो पाठवा, ही माणसं परस्पर गाडी फिरवतात. सरांनी सोमवारी संध्याकाळी फोटो पाठवला. आकडा होता एकसष्ट हजार दोनशे आठ.

त्याच वेळी खालच्या मजल्यावरचा कुंदन जिना चढून आला. हा सरांचाच एकेकाळचा विद्यार्थी. आता चाळिशी उलटलेला, साड्यांच्या गठ्ठ्यांचा टेंपो चालवणारा.

"सर, घरबेठा घेऊन जाणारे सोडून यार्डवाला कशाला पकडला तुम्ही? एमां शुं फायदो?"

"त्यांचा ट्रेलर एकच असतो," सर म्हणाले. कान तापले होते.

"बरं, जाऊ द्या. सकाळी मी चालवून नेतो. तुम्ही दोघं मागे आरामात बसा."

सरांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम विझलं. नको म्हणायला कारण सापडेना. कुंदन मदतच करत होता, आणि शहाण्या माणसाने हो म्हणावं असंच त्याचं बोलणं होतं. ते हो म्हणणारच होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रमिलाबाई बाहेर आल्या.

"भाऊ, तू तुना टेंपो सांभाय. आम्हनं आम्ही दखी लिसूत."

"पण मावशी, सरांना तर उज्जूताईनं…"

"चहा लेवाना का तुले?"

कुंदनने चहा घेतला आणि कपाआडून एकदा सरांकडे पाहून हसला. पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही.

तो गेल्यावर सर हळूच म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"वही दखीसनी समजी गयथं माले," प्रमिलाबाई म्हणाल्या. "रेघवर कोनी लिखस का?"

मंगळवारी सकाळी सातला ते निघाले. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. पार्किंगमधून निघताना गाडी दोनदा बंद पडली. दिंडोलीच्या पुलापाशी एका रिक्षावाल्याने मागून इतका हॉर्न वाजवला, की त्यांना वाटलं, कुंदनला बोलवावं, आपण मूर्खपणा करतोय. पण कडोदऱ्याचा चौक ओलांडला आणि पायांना आपोआप सगळं आठवलं. तिसऱ्या गिअरला गाडी नेहमीसारखी अडखळली, त्यांनी नेहमीसारखा क्लच जरा जास्त दाबला. शेजारी पिशवीची सळसळ झाली.

"आ करा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

दाणे भाजलेले होते. त्यांनी पहाटेच भाजले असणार.

बाविसाव्या किलोमीटरला डाव्या हाताला निळी पाटी आली. कावेरी कार कॅरिअर. फाटक उघडं होतं, आत लांबलचक ट्रेलर उभा होता, कुणीतरी हात करत होतं. सरांनी सगळं स्पष्ट पाहिलं. नव्या डोळ्यांना न दिसण्यासारखं काहीच नव्हतं. पाय मात्र ब्रेककडे गेला नाही.

थोड्या वेळाने प्रमिलाबाई म्हणाल्या, "यार्ड गयं."

"हं."

"ऱ्हाऊ द्या."

आता दोन्ही बाजूंना ऊस लागला. उसाने भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते आणि सर घाई न करता त्यांच्या मागे मागे जात होते. बारडोलीच्या अलीकडेच तो वास आला. प्रमिलाबाईंनी काच पूर्ण खाली केली. रसाच्या एका गाड्यापाशी ते थांबले, गाडीतच बसून एकेक ग्लास रस प्यायले. समोर फलक होता. व्यारा, सोनगड, नवापूर आणि त्यांच्यापुढे आकडे. सरांनी तो मास्तरकीच्या सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला.

"साक्री लिखेल नही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"ते पुढच्या फलकावर."

पण पुढच्या फलकापर्यंत गेलं असतं, तर त्याच्याही पुढचा होताच. सरांनी ग्लास परत दिले, दोन्ही बाजूंना तीनतीनदा पाहिलं आणि गाडी वळवली.

पांडुरंग फाटकातच उभा होता. "सर, सकाळी तुम्ही समोरून गेल्यासारखं वाटलं मला!"

सरांनी घसा खाकरला. प्रमिलाबाईंनी पदर सावरला. पांडुरंगाने पुन्हा विचारलं नाही. गाडीचं चित्र छापलेला कागद काढून तो गाडीभोवती फिरला आणि जिथे जिथे पोचा, ओरखडा दिसेल तिथे चित्रावर फुली मारू लागला. मागच्या दारापाशी तो वाकला.

"हे कुठलं?"

"कोंडाईबारीना घाट," प्रमिलाबाई म्हणाल्या. "उज्जूले उलटी व्हयनी, मी दार उघाडं, ते दगडले लागनं."

पांडुरंगाने फुली मारली. गाडीत काही ठेवायचं नाही म्हटल्यावर त्यांनी उशी काढली, छत्री काढली, कप्प्यातून ती वाचून पिवळी झालेली पुस्तिका काढली. सरांनी ती हातात घेतली, मग पुन्हा आत ठेवली. "ही गाडीबरोबरच हवी," ते म्हणाले. पांडुरंगाने तेवढ्याला हरकत घेतली नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांना शेजारी शेजारी जागा मिळाली. कडोदरा यायच्या आत फोन वाजला.

"पप्पा, त्या ट्रेलरवाल्याचा नंबर द्या आधी!" उज्ज्वलाचा आवाज पुढच्या दोन सीटांपर्यंत जात होता. "त्यांनी मला कागदाचा फोटो पाठवलाय. एकसष्ट हजार दोनशे छप्पन! काल दोनशे आठ होते. अठ्ठेचाळीस किलोमीटर गाडी उडवली त्यांनी. मी आत्ताच्या आत्ता कंपनीत तक्रार करते."

कागद तिच्याकडे जाईल, हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं. मग चित्रावर काळजीपूर्वक फुल्या मारणारा पांडुरंग त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

"उज्जू, त्या माणसाला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "गाडी मी चालवली."

सरांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"यार्ड बावीस किलोमीटरवर आहे. ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मी ही कंपनी घेतली. आणि मग यार्ड मागे राहिलं… म्हणजे मीच मागे टाकलं. बारडोलीपर्यंत गेलो. तुला वचन दिलं होतं. मी ते मोडलं."

आजूबाजूची माणसं ऐकत होती. सरांना मान वर करवेना.

"काही झालं असतं म्हणजे?" उज्ज्वला म्हणाली. ती रागावली होती, आणि तिचा राग खरा होता. "मी इथे इतकी लांब. मला कोणी कळवलं असतं?"

"हो. चुकलंच."

मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तिसऱ्याला अजून अडखळते?"

"अडखळते. क्लच थोडा जास्त दाबायचा."

"माहितेय मला. आई होती शेजारी?"

"होती."

"मग झालं तर," उज्ज्वला म्हणाली. आणि थोडं थांबून, "मी मागे झोपलेली नसायचे हां, पप्पा." फोन बंद झाला.

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. कडोदऱ्याला बस थांबली, माणसं चढली, दांडीला धरून उभी राहिली. प्रमिलाबाईंनी पिशवीतून उरलेल्या शेंगा काढल्या, फोडल्या आणि दाणे पुढे केले. सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि तळहात पसरला.

प्रमिलाबाईंनी तळहाताकडे पाहिलंच नाही. हात तसाच तोंडासमोर धरून त्या थांबल्या.

बस हलली. सरांनी मान खाली घातली आणि आ केला.