उभ्या कानाची गाठ

हरिनामाचा गजर करता करता मी सात वेळा चोरी केली आहे. एकदाची सांगून टाकते, म्हणजे छाती हलकी होईल.

फैजपूरजवळ लीलाधरनानांच्या केळीच्या मळ्यात दरवर्षी पौषात तीन दिवसांचं कलाशिबिर भरतं. शाळेत चित्रकला शिकवणारी रूपाली ते चालवते. आम्ही वीसेक माणसं जमतो. कुणी केळीच्या सोपटाचा धागा आणतं, कुणी माती, कुणी जुन्या लग्नपत्रिका, कुणी फुटक्या बांगड्या. हे त्याला चिकटव, ते याला शिव, असा तीन दिवस खेळ. मी पहूरची. गावोगावच्या सप्ताहांच्या पत्रिका मी वर्षभर जमवते. त्या कातरून कापडावर चिकटवते आणि वरून बोटानं बुक्का लावते. बुवांचा फोटो मात्र कातरवत नाही. कात्री त्याच्या कडेकडेनं प्रदक्षिणा घालते.

शेवटच्या दिवशी अदलाबदल. इथं विकणं नाही. प्रत्येकानं आपली वस्तू मांजरपाटाच्या सारख्या तुकड्यात बांधायची, नाव लिहायचं नाही. घड भरायच्या शेडमध्ये गठुडी गोल मांडायची. मी टाळ वाजवत गजर धरायचा, सगळ्यांनी भोवती फिरायचं. टाळ थांबला की ज्याच्या पुढ्यात जे गठुडं, ते त्याचं. बदलून मागायचं नाही.

पहिल्या वर्षी रूपाली मोबाइलवर गाणं लावणार होती. नाना म्हणाले, "अवं, मोबाइल कशाले? ही मोहिनी सप्ताहात सात-सात दिवस मांडी मोडत नाही. तिले लाव कामाले!" तेव्हापासून टाळ माझ्याकडे आला तो आलाच.

त्या वर्षी टाळ थांबला तेव्हा माझ्या पुढ्यात आलं ते धुळ्याच्या रहिमाबीचं गठुडं. तिच्या घरी शिवणकाम, म्हणून चिंध्यांना तोटा नव्हता. हातभर कापडावर तिनं चिंध्यांची एक गल्ली शिवली होती. दारं, पायऱ्या, दोरीवरचे कपडे, आणि खिडक्यांना बांगड्यांच्या काचा. एका दारात हिरवं लुगडं नेसलेली बाई उभी. माझी आई अशीच दारात उभी राहायची, मी कीर्तनाहून परत येईपर्यंत. मला तिथेच रडू आलं. रहिमाबी घाबरून म्हणाली, "काय गं, सुई राहिली का त्यात?" अशी आमची ओळख.

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की एका गठुड्याच्या गाठीचं एक टोक सशाच्या कानासारखं उभं आहे आणि दुसरं आत खोचलेलं आहे. रहिमाबीनं बांधलेलं, मी पाहिलं होतं. फिरता फिरता मी त्या कानासमोर आले आणि माझा टाळ थांबला. म्हणजे मीच थांबवला. त्यानंतर दरवर्षी तेच. बुवा कीर्तनात नक्कल करतात ना, ओठावर हरी आणि नजर मंडपाबाहेरच्या नव्या चपलेवर? तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मी. आणि इथं माझी नजर गाठीवर!

करोनाची दोन वर्षं सोडली तर रहिमाबीची एक एक गल्ली अशी माझ्या घरी येत गेली. आठ झाल्या. मी त्या एकाखाली एक भिंतीवर लावल्यात. सकाळी दिवा लावला की काचा चमकतात, आणि तीन दिवस आम्ही एका सतरंजीवर बसून केलेल्या गप्पा आठवतात. मी तिला बुवांनी सांगितलेले दृष्टान्त सांगायची. ती ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "ही गोष्ट आमच्या मौलानांनीबी सांगितली. फक्त त्यांच्या गोष्टीत उंट होता."

यंदा रहिमाबी आली नाही. साखरेनं तिचे डोळे नेले. तिची नात कहकशा आली, एकोणीस-वीस वर्षांची, पहिल्यांदाच. रूपालीला म्हणाली, "दादीनं शेवटचं एक शिवलंय, चाचपून चाचपून. यापुढं नाही म्हणाली. आणि एक माझं आहे." तिच्या पिशवीत दोन्ही गठुडी बांधलेली होती. तीन दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रहिमाबीचं शेवटचं काम दुसऱ्या कुणाच्या घरी जावं, हे मला सोसणार नव्हतं.

रहिमाबीच्या वाट्याला काही यावं म्हणून तिच्या जागी रूपाली चालली. मी गजर धरला. दोन फेऱ्या झाल्या. उभा कान दिसला. तिसऱ्या फेरीला त्याच्यासमोर आले आणि टाळ मिटला.

"आज लय लवकर आटोपलं वं!" नाना म्हणाले.

मी घाईनं गाठ सोडली. आत गल्ली नव्हती. काळ्या कापडाच्या तुकड्यावर जुन्या चष्म्याच्या दोन काचा दोऱ्यानं अडकवलेल्या, त्यांच्याखाली काहीतरी बारीक शिवलेलं, भोवती डोळ्यांत घालायच्या औषधाच्या खोक्यांचे तुकडे. टाके तिरके. गोंद बाहेर आलेला. मी वर पाहिलं तर समोर कहकशा, माझ्याकडेच बघत. माझा चेहरा पडलेला तिनं पाहिला.

रहिमाबीची गल्ली नानांना मिळाली होती. दारं एकमेकांवर कलंडलेली, खिडक्यांना काचा नाहीत, तरी तिचीच. नाना ती उलटसुलट बघत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "नाना, बदलून देता का?"

"बदलून? आपलीच रीत मोडतीस का वं?" नानांना हळू बोलणं ठाऊक नाही. "हे मी माह्या देव्हाऱ्यापुढं लावतो. आंधळ्या हातानं केलेलं देवाले आधी दिसतं." अख्ख्या शेडनं ऐकलं. कहकशानंही.

मी शेडमागे केळीत जाऊन उभी राहिले आणि धुळ्याला फोन लावला. रहिमाबीनं "बोल" म्हणताच सगळं सांगून टाकलं, उभा कान, टाळ, सात वर्षं.

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "या अल्ला, किती वर्षं लावलीस बोलायला! दुसऱ्याच साली कळलं होतं मला. टाळ थांबायच्या आधी तुझा आवाज बारीक व्हायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चोर, तर मी काय फकीर? माझं तुझ्याच घरी जावं, असं मलाबी वाटायचं. म्हणून तर दरसाल तशीच गाठ मारली. घरी मी साधी गाठ मारते."

"मग यंदा?"

"यंदा ती गाठ मीच पोरीच्या गठुड्याला मारली. माझी आठ आहेत तुझ्याकडं. तिचं पहिलं आहे. म्हणत होती, कुणाच्या घरी जाईल आणि माळ्यावर पडेल. मी मनात म्हटलं, जाऊ दे चोराच्या घरी. चोर माल जपतो." मग तिनं विचारलं, "तोंड पाडलंस का तिच्यापुढं?"

मी केळीच्या पानाची कड फाडू लागले.

"पाडलंस. फोन ठेव आणि जा तिकडं."

कहकशा शेडच्या पायरीवर पिशवी भरून बसली होती. जळगावला सोडणारी गाडी लागली होती. मी तिच्या शेजारी टेकले.

"अक्का, ते माझंच आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "नको असेल तर देऊन टाका."

"मी बदलून मागितलं. चुकलं माझं. आत्ताच दादीनं फोनवर झापलं मला. तुझ्या दादीच्या कामावर डोळा होता, म्हणून तुझं मी बघितलंच नाही. हे कसं बघायचं, सांगतेस?"

माझ्या हातातलं कापड घेऊन तिनं माझ्यासमोर लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा थोडं मागे नेलं. "आता बघा. दादीचा चष्मा आहे. शेवटी शेवटी ती त्यातून मला अशी बघायची."

काचेखाली सगळं धुरकट होतं. मग एका ठिकाणी काळ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला चेहरा उमटला, नाक मोठं, हसू त्याहून मोठं. कापड वीतभर सरकलं की पुन्हा नाहीसा. मी तीनदा मागेपुढे करून पाहिलं. इतकी वर्षं शिबिरात येते, बघणाऱ्याला असं हलायला लावणारं काम मी पाहिलं नव्हतं. ते मी तिला तसंच सांगितलं.

"खरंच की दादीनं फोनवर सांगितलं म्हणून?"

"टाके वाकडे आहेत, हेही खरंच सांगते. आणि ही डावी काच पहूरपर्यंत टिकायची नाही, एकेरी दोऱ्यावर लटकली आहे."

ती हसली. गाडीचा हॉर्न वाजला.

"थांब म्हणावं त्याला," मी म्हटलं. "सुई काढ. तूच शीव, मी काच धरते."